व्यंगचित्र वगळले, दार बंदच

विद्यापीठांत समतेचे नियम आले की ज्ञानाचे स्वातंत्र्य धोक्यात येते, हा समज बेंगळुरूच्या महादेवपुऱ्यासारख्या आयटी कंपन्यांच्या परिसरात स्थिरावलेल्या सुशिक्षित मराठी वर्गात घट्ट रुजला आहे आणि या अध्यक्षीय भाषणाचा त्याला उघड विरोध आहे. शैक्षणिक स्वातंत्र्य म्हणजे काय शिकवावे, कशाचे संशोधन करावे आणि कोणता निष्कर्ष मांडावा, हे सरकारच्या, जमावाच्या किंवा व्यवस्थापनाच्या धाकाशिवाय ठरवण्याचा अध्यापकाचा व विद्यार्थ्याचा अधिकार. समावेशन म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर ठेवलेल्यांना प्रवेश, नेमणूक आणि आत आल्यावर सन्मान मिळवून देणारी व्यवस्था. या दोहोंतील भांडण पुष्कळदा लावून दिलेले असते, कारण जागा भरण्यापेक्षा मजकूर वगळणे सत्तेला केव्हाही स्वस्त पडते.

2012 च्या मे महिन्यात हेच घडले. एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात शंकर यांचे एक जुने व्यंगचित्र होते, ज्यात राज्यघटनेच्या गोगलगायीवर डॉ. आंबेडकर बसलेले आहेत आणि मागे नेहरू चाबूक उगारून उभे आहेत. त्या चाबकाने दलित वाचकाला झालेली वेदना खरी होती, आणि तिला हळवेपणा म्हणून उडवून लावणाऱ्यांनी आपल्या अज्ञानाचेच प्रदर्शन केले. परंतु त्या वेदनेला उत्तर द्यायची जागा वर्ग ही होती, संसद नव्हे. संसदेत गदारोळ होताच मंत्र्यांनी माफी मागितली, पुस्तकाचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर व योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले आणि पुणे विद्यापीठातील पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. त्यानंतर पुस्तकांच्या परीक्षणासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष सुखदेव थोरात होते, ज्यांच्या 2007 च्या अहवालाने एम्ससारख्या नामांकित संस्थेतील दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना वसतिगृहात, वर्गात आणि तोंडी परीक्षेत मिळणारी वागणूक देशापुढे मांडली होती. त्या पहिल्या अहवालाचे ऋण मोठे आहे. पाठ्यपुस्तकांच्या या समितीने मात्र अनेक व्यंगचित्रे वगळण्याची शिफारस केली आणि एम. एस. एस. पांडियन या एकाच सदस्याने तिच्याशी लेखी असहमती नोंदवली. चित्र वगळायला एक कात्री पुरते, पण तोंडी परीक्षेतील पक्षपात थांबवायचा तर परीक्षकालाच जाब विचारावा लागतो, म्हणून संसदेने पहिल्या कामात जी घाई दाखवली ती दुसऱ्या कामात कधीच दाखवली नाही.

दुसऱ्या बाजूचा दांभिकपणा याहून कमी नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राच्या प्रमुखांना आणि विद्यार्थ्यांना एका नाटकावरून अटक झाली, तेव्हा ज्यांना शैक्षणिक स्वातंत्र्य आठवले नाही, त्यांनाच ते जानेवारी 2026 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे समताविषयक नियम जाहीर होताच आठवले. रोहित वेमुला आणि मुंबईच्या नायर रुग्णालयातील डॉ. पायल तडवी या जीव गमावलेल्या विद्यार्थ्यांच्या मातांनी 2019 पासून सर्वोच्च न्यायालयात चालवलेल्या लढ्यातून हे नियम आले होते, आणि 29 जानेवारीला त्याच न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली. नियमांत दोष होता, पण ज्यावरून आरडाओरडा झाला तो नव्हे: जातिभेदाची झळ ज्यांना बसते त्यांची नावे घेणे हा अन्याय नाही. खरा दोष असा, की अध्यापकाचे वर्तन आणि अध्यापनाचा आशय यांच्यामध्ये नियमांनी पुरेशी स्पष्ट रेघ आखली नाही. मार्गदर्शकाने विद्यार्थ्याचा प्रबंध जातीमुळे अडवून ठेवणे हा या नियमांखालील समता समितीच्या चौकशीचा विषय आहे. आरक्षणाची चिकित्सा करणारे व्याख्यान तिच्या चौकशीचा विषय नाही, मग ते कितीही बोचणारे असो.

स्वायत्ततेचा सर्वात सोयीस्कर वापर पाहायचा असेल तर या सभेला बेंगळुरूबाहेर जाण्याची गरज नाही. केंद्रीय शिक्षणसंस्थांतील अध्यापकपदांच्या आरक्षणाचा 2019 चा कायदा आपल्या परिशिष्टातील काही संस्थांना उत्कृष्टतेच्या नावाखाली सूट देतो, आणि त्या यादीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेबरोबर याच शहरातील जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रही आहे. अशा संस्थांत प्रयोगशाळेत कोणता प्रश्न विचारावा याचे स्वातंत्र्य कोणी हिरावून घेऊ नये. पण प्रश्न विचारणारे कोण असावेत हे ठरवताना कायद्याच्या बाहेर राहण्याची मुभा म्हणजे स्वातंत्र्य नव्हे, तो मक्ता आहे.

1936 मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने डॉ. आंबेडकरांना अध्यक्षपद दिले, भाषणाचा मसुदा वाचून त्यातील काही भागांना हरकत घेतली आणि आंबेडकरांनी मजकूर बदलण्यास नकार देताच परिषदच रद्द केली. ते भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले. जातिनिर्मूलनाचा तो मूलभूत ग्रंथ एका अध्यक्षाने आपल्या शब्दांवर टाच येऊ न दिल्यामुळे वाचकांपर्यंत पोहोचला, हे समतेच्या नावाने पुस्तके कापणाऱ्यांनी आणि स्वातंत्र्याच्या नावाने जागा अडवणाऱ्यांनी सारख्याच गांभीर्याने वाचायला हवे.

म्हणून या सभेपुढील ठरावात दोन मागण्या एकत्रच असाव्यात, आणि एक मान्य करून दुसरी वगळण्याची सूचना आल्यास ठराव मागे घ्यावा: 2019 च्या कायद्याचे सूट देणारे परिशिष्ट रद्द व्हावे, आणि समताविषयक नियमांचा नवा मसुदा करताना अभ्यासक्रम, व्याख्यान व संशोधनाचे निष्कर्ष समितीच्या कक्षेबाहेर असल्याचे त्यात स्वतंत्र कलमाने लिहावे.