साहुकारपेठेतून हायकोर्ट चालत पंधरा मिनिटं

आज पोटगीबद्दल बोलायचं आहे. मी वकील नाही, हे आधीच सांगतो. तीस वर्षांहून जास्त फौजेत काढली आणि आता चेन्नईत मुलीकडे स्थायिक झालोय. पण माणसं अडचण घेऊन येतात, आणि फौजेत असताना या विषयातली एक चूक माझ्या हातून झालेली आहे. म्हणून बोलतोय.

चेन्नईच्या साहुकारपेठेत सांगली जिल्ह्यातली बरीच मंडळी आहेत. विटा, खानापूर, आटपाडी या बाजूची. सोन्याचांदीची गलाई करणारी. गेल्या गणपतीत आरतीनंतर त्यांच्यातल्या एकानं बहिणीला माझ्यासमोर उभं केलं. "काका, हिचं जरा ऐका." तिशीची बाई, सोबत सहा वर्षांची मुलगी. नवरा गावी, द्राक्षबाग आहे. दोन वर्षांपूर्वी हिला घराबाहेर काढलं, तेव्हापासून भावाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहते. मी विचारलं, "पोटगीचा अर्ज केलास का गं?" ती म्हणाली, "सासरे म्हणाले, काय करायचं ते इथं विट्याच्या कोर्टात येऊन कर. दर तारखेला दोघींचं भाडं कुठून आणू, काका?"

मंडळी, चेन्नईचं कुटुंब न्यायालय मद्रास हायकोर्टाच्या आवारातच आहे. भावाच्या दुकानातून चालत पंधरा मिनिटं. दोन वर्षं ही बाई त्या लाल इमारतीवरून मुलीला घेऊन जात होती, आणि तिला वाटत होतं की आपलं कोर्ट हजार किलोमीटर लांब आहे.

कायदा काय म्हणतो ते नीट ऐका. पूर्वी ज्याला सगळे 125 कलम म्हणायचे, ते 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 144 झालं आहे. त्याच्या पुढचं 145 कलम सांगतं की नवरा जिथे आहे तिथे, किंवा बायको जिथे राहते तिथेही अर्ज चालतो. घटस्फोटाचा अर्जसुद्धा हिंदू विवाह कायद्याखाली बायकोला ती राहते तिथे करता येतो. 2003 साली ही दुरुस्ती झाली. आणि 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तर ती तात्पुरती राहत असेल त्या ठिकाणीही दाद मागता येते. सासरचे "इथं ये" म्हणतात तो त्यांचा हट्ट आहे, कायदा नव्हे.

आता माझी चूक सांगतो.

मी पलटणीचा कमांडिंग ऑफिसर होतो तेव्हा टपालात जवानांच्या बायकांची पत्रं यायची. शाळेच्या वहीचं पान, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. "साहेब, सहा महिने पैसे पाठवले नाहीत." सैन्यात यासाठी वेगळी सोय आहे, ती बाहेर फार कोणाला माहीत नसते. बायकोनं कमांडिंग ऑफिसरला अर्ज केला की जवानाला खुलासा विचारला जातो, शिफारस वर जाते आणि सैन्याच्या अधिकाऱ्याच्या आदेशानं थेट पगारातून कपात होते. अधिकाऱ्यासाठी आर्मी अ‍ॅक्टचं 90 कलम, जवानासाठी 91. बायकोला पगार-भत्त्यांच्या 22 टक्क्यांपर्यंत, प्रत्येक मुलाला साडेपाच टक्के, आणि सगळं मिळून 33 टक्क्यांच्या वर नाही. त्याच कायद्याच्या 28 कलमानुसार फौजीच्या पगारावर दिवाणी कोर्टाची जप्ती येत नाही. याचा काही जण गैरफायदा घेतात, बायकोला सांगतात की कोर्ट माझं काही करू शकत नाही. ते खोटं. कोर्टाचा आदेश झाला की देणं लागतंच.

एका जवानाच्या बायकोचं असंच पत्र आलं. मी त्याला बोलावलं, चांगलं झापलं. तो म्हणाला, "गलती हो गयी साहब, इस महीने से भेजूँगा." मी खूश. घरातलं भांडण घरात मिटलं, कागद कशाला करायचा? पत्र फायलीत लावून टाकलं. आठ महिन्यांनी दुसरं पत्र आलं. त्यात तक्रार नव्हतीच. मुलीला शाळेतून काढलं, एवढीच एक ओळ होती, आणि खाली सही. त्या दिवशी मी कपातीची शिफारस पाठवली. ती पहिल्या पत्रालाच पाठवायला हवी होती. समजूत घालायची तर घाला, पण कागद सुरू करून मग घाला. हे माझं मत आहे, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कोणाच्या तरी पोरीनं मोजली आहे.

कागदाची तारीख का महत्त्वाची, त्याचं उत्तर नागपूरच्या एका प्रकरणात आहे. तिथल्या एका बाईनं 2013 मध्ये पोटगी मागितली. ते भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि 4 नोव्हेंबर 2020 ला निकाल लागला. सात वर्षं! पण त्या निकालानं देशभरासाठी दोन गोष्टी पक्क्या केल्या. एक, पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, आदेशाच्या नव्हे. म्हणजे ज्या दिवशी अर्ज पडला त्या दिवशी मीटर सुरू झालं. दुसरी, दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. शेतीचं उत्पन्नही त्यात आलं. द्राक्षबाग वडिलांच्या नावावर दाखवून हात झटकणं आता तितकं सोपं राहिलेलं नाही.

आणि एक बारीक गोष्ट, जी वकीलही कधीकधी सांगायची विसरतात. आदेश झाल्यावर नवऱ्यानं हप्ते थकवले तर वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. "देईल कधीतरी" म्हणत थांबलात तर जुने महिने या मार्गानं हातचे जातात.

मद्रास हायकोर्टाचा जून 2023 चा एक निकाल मी आमच्या घरी जेवताना सांगितला. नवरा नोकरीसाठी दहा-अकरा वर्षं सौदी अरेबियात, बायको इकडे मुलं आणि घर सांभाळून. त्यानं पाठवलेल्या पैशातून घेतलेली मालमत्ता माझीच, असं नवऱ्याचं म्हणणं. न्यायमूर्ती कृष्णन रामसामी म्हणाले की घर सांभाळणारी बाईसुद्धा त्या कमाईत वाटेकरी आहे, आणि तिला निम्मा हिस्सा दिला. मी आयुष्यभर सरहद्दीवर, पोरं वाढवली हिनं, बदल्यांचे ट्रंक भरले हिनं. हे ऐकून ती म्हणाली, "हे कळायला हायकोर्ट लागलं?" मी गप्प भात कालवला. तरी सांगतो, हा एका न्यायमूर्तींचा निकाल आहे. नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोचा निम्मा वाटा असा कायदा अजून देशात नाही. त्या भरवशावर कोणी विटा-आटपाडीत भांडायला जाऊ नका.

तर आमची ही बाई. वकिलाला पैसे नव्हते. 1987 च्या विधी सेवा कायद्यानं बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. 15100 या नंबरवर फोन करायचा. तमिळनाडूच्या विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिसही हायकोर्टाच्याच आवारात. खरी अडचण भाषेची आली. लग्नाचा दाखला मराठीत, पत्रिका मराठीत, आणि इथं कामकाज तमिळ किंवा इंग्रजीत. भाषांतर करून घ्यायला तीन आठवडे गेले. परराज्यात राहणाऱ्यांनी लग्नाच्या दाखल्याचं आणि मुलांच्या जन्मदाखल्याचं इंग्रजी भाषांतर आजच करून ठेवा. भांडण असो वा नसो.

परवा तिची पहिली तारीख झाली. नवरा आला नाही, नोटीस पोचल्याचा कागद मात्र आला. अंतरिम पोटगीचा निकाल नोटीस पोचल्यापासून शक्यतो 60 दिवसांत लावावा असं कायद्यात आहे. प्रत्यक्षात किती लागतील ते बघू. भाऊ दुकान बंद करून सोबत निघाला होता. ती म्हणाली, "राहू दे दादा, जवळच तर आहे." पोरीला शाळेत सोडून ती एकटीच चालत गेली.