दवाखान्यातली नोकरी: मुलाखतीला जाताना

बेळगाव-निपाणी भागात दवाखान्यात नोकरी शोधणाऱ्या ताई-दादांनो, आजच्या चार गोष्टी तुमच्यासाठी.

पहिली, भाषा.
आपल्याकडे एक पेशंट मराठीत बोलतो, दुसरा कन्नडमध्ये.
'कुठं दुखतंय?' हे दोन्ही भाषांत विचारता येत असेल, तर मुलाखतीत आवर्जून सांगा.

दुसरी, अनुभव.
निपाणी म्हणजे तंबाखू आणि विडीचं गाव.
खोकला, दमा घेऊन आलेल्या कामगार बाईशी तुम्ही कसं बोलाल, ते सांगा.
येतं ते सांगा. येत नाही ते विचारा.

तिसरी, नोकरी लागल्यावर कामात सुई टोचली तर?
जखम दाबू नका.
साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवा.
लगेच डॉक्टरांना सांगा.
एचआयव्ही टाळणारं औषध लागलं, तर ते 72 तासांच्या आत सुरू व्हायला हवं.
जितकं लवकर, तितकं चांगलं.

चौथी, त्रास.
कामाच्या जागी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्ध 2013 चा कायदा आहे.
दवाखान्यात दहापेक्षा कमी माणसं असली, तरी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते.

पुन्हा सांगते.
येतं ते सांगा.
येत नाही ते विचारा.
आणि त्रास झाला, तर गप्प बसू नका.