दीर्घ वेदना आणि आपले कर्तव्य



३ महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेस वैद्य दीर्घकालीन वेदना म्हणतात. जखम भरली तरी मज्जासंस्था कित्येकदा वेदनेचा संदेश देतच राहते; म्हणून अशा दुखण्यास ढोंग म्हणणे अन्याय होय.

अमेरिकेतील डॉ. जॉन बोनिका हे पूर्वी कुस्तीगीर. त्या दुखापतींच्या वेदना त्यांनी पुढे आयुष्यभर सोसल्या. दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांवर उपचार करिताना त्यांस कळून आले, की येथे एकटा वैद्य अपुरा पडतो. अनेक शाखांच्या तज्ज्ञांनी एकत्र विचार करावा, हे त्यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात मांडले.

औषध, बेताचा व्यायाम, झोप, मनास धीर व सोबत ही परस्परांस पूरक होत. “हा तुमचा क्रूस” एवढेच म्हणून आम्ही दुखणाइताच्या दारातून परतू नये. प्रार्थना करावी, आणि त्यास दवाखान्यासही न्यावे.