धुळीला वाट द्या

जळगाव-धुळ्याकडच्या कोणत्याही तालुक्याच्या गावी सुताराच्या दुकानात डोकावलात, तर एक बदल चटकन डोळ्यांत भरतो. पटाशी, करवत, हातरंधा कोपऱ्यात अजून आहेत. पण मधली जागा यंत्रांनी घेतली आहे. कुठे गोल करवत, कुठे रंध्याचे मशीन, कुठे फळी सारख्या जाडीची करणारा थिकनेसर. नवे यंत्र आले की नारळ फुटतो, पेढे वाटले जातात, दसऱ्याला झेंडूची माळ चढते. वीज जोडली, पट्टा ताणला, पाते बसवले, की यंत्र बसले असे आपण समजतो. माझे म्हणणे असे की त्या वेळी यंत्र अर्धेच बसलेले असते. त्याच्या अंगाला बहुधा एक गोल तोंड असते, चारेक इंचांचे. ते तसेच उघडे राहते. त्या तोंडाला काय जोडावे, कसे जोडावे आणि का जोडावे, एवढाच आजचा विषय.

यंत्रविद्या हा माझा प्रांत नव्हे. मी अर्थशास्त्र शिकवतो. पण जमाखर्च पाहण्याची सवय असलेल्या माणसाला एक गोष्ट लवकर दिसते : काही खर्च वहीत लिहिले जात नाहीत, ते माणसाच्या अंगावर लिहिले जातात. लाकडाची धूळ हा तसला खर्च आहे. धुळ्यात राहून धुळीची तक्रार कसली करता, असे कोणी थट्टेने म्हणेल. म्हणू द्या. रस्त्यावरची धूळ आणि लाकडाची धूळ यांत फरक आहे.

हातरंधा चालवला की लांब, वळलेला पापुद्रा निघतो. तो पायाशी पडतो, संध्याकाळी झाडून चुलीला जातो. यंत्राचे पाते मिनिटाला हजारो फेरे घेते. ते लाकूड सोलत नाही, कुरतडते. त्यातून ढलप्या निघतात, भुसा निघतो आणि त्याबरोबर डोळ्यांना न दिसणारी पूडही निघते. आपण भुशाकडे पाहतो, कारण तो दिसतो. खरा वैरी न दिसणारा आहे. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड धरला, तर दहा मायक्रॉनहून बारीक कण नाकाची चाळणी ओलांडून खाली उतरतात. ते तासन् तास हवेत तरंगतात. पत्र्याच्या भोकातून उन्हाचा कवडसा आला म्हणजे त्यात नाचणारे कण दिसतात ना? त्यांतले दिसतात ते मोठे. त्यांच्याहून बारीक कण कवडशातही नीट दिसत नाहीत.

ही धूळ करते काय? सागाच्या आणि शिसवीच्या धुळीने कित्येकांच्या कातडीला खाज सुटते, पुरळ येते. नाक चोंदते, शिंका येतात, खोकला जडतो, काहींना दमा लागतो. ‘धंदाच तसा आहे’ असे म्हणून लोक ते सोसतात. इटलीतील वैद्य रामाझिनी याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि रोग्याला ‘तू धंदा कोणता करतोस?’ हे अवश्य विचारावे, असे वैद्यांना बजावले. या एका प्रश्नाचे मोल पुढे इंग्लंडमधील हाय विकम या गावी कळून आले. ते गाव खुर्च्या-टेबलांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध. १९६० च्या दशकात तेथील नाक-कान-घशाच्या शल्यविशारद एस्मे हॅडफील्ड यांच्या ध्यानात आले, की नाकाच्या एका विरळा कर्करोगाचे रोगी पुनःपुन्हा लाकूडकामातूनच येत आहेत. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी रीतसर शोध घेतला आणि ते खरे ठरले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ माणसाला निश्चित कर्करोगकारक म्हणून नोंदली. घाबरून जाऊ नका. हा रोग आजही विरळाच आहे. पण तो धूळ खाल्ल्यावर कित्येक दशकांनी उगवतो, म्हणून आज बरे वाटते हा पुरावा धरता येत नाही.

आता थोडे गणित. युरोपीय संघात कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा २०२३ पासून घनमीटर हवेमागे २ मिलिग्रॅम, तीही आठ तासांची सरासरी. आपले दुकान वीस फूट लांब, पंधरा फूट रुंद, दहा फूट उंच धरा. त्यात सुमारे ८५ घनमीटर हवा मावते. म्हणजे साऱ्या दुकानाच्या हवेत मिळून १७० मिलिग्रॅम, एका ग्रॅमचा जेमतेम सहावा हिस्सा. चिमटीत धराल तेवढी पूड! आणि थिकनेसर दिवसभर चालला की भुशाची पोती भरतात. त्या पोत्यांतली चिमूटभर पूडही हवेत उरली तरी मर्यादा संपली. म्हणून हवेत गेलेली धूळ मागाहून पकडणे हा मार्ग नव्हे. ती जिथे जन्मते तिथेच धरली पाहिजे.

कोणी म्हणेल, आम्ही भिंतीत पंखा बसवला आहे, तो धूळ बाहेर ओढतो. इथे चुलीपुढचा एक अनुभव आठवा. फुंकणीने फुंकले की हातभर लांबचा निखारा फुलतो. आता तीच फुंकणी तोंडाला लावून हवा आत ओढा. निखाऱ्याला पत्ताही लागत नाही. फुंकलेली हवा एका दिशेने लांब जाते, ओढलेली हवा चहूबाजूंनी येते. नळाच्या तोंडापासून नळाच्या रुंदीइतक्या अंतरावर गेलात, की ओढीचा वेग मूळच्या दहाव्या हिश्श्यावर येतो. चार इंची नळ पात्यापासून चार इंच दूर राहिला तर ओढ एक दशांश! भिंतीतला पंखा तर दहा फुटांवर. तो आधी धूळ तुमच्या नाकावरून नेतो आणि मग बाहेर टाकतो. यासाठी यंत्राचे ते गोल तोंड पात्याच्या अगदी जवळ, झाकणाखाली दिलेले असते. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या चौदाव्या कलमातही धूळ ओढण्याचे साधन तिच्या उगमाच्या शक्य तितके जवळ लावावे, असेच सांगितले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली. पण दोन-तीन माणसांच्या दुकानात कायद्याचा माणूस येण्याची वाट पाहू नये. हवेचे नियम दुकान लहान की मोठे हे बघत नाहीत.

आता जोडणी. पहिली गोष्ट, ओढणारे साधन. घर झाडायचा व्हॅक्यूम इथे पुरत नाही. त्याची ओढ जोरकस असते पण हवा थोडी. हातातल्या सँडरला तो चालेल; थिकनेसरला नाही. तिथे बंदिस्त ब्लोअर हवा. ढलप्या नळातून वाहत राहाव्यात यासाठी हवेचा वेग सेकंदाला सुमारे वीस मीटर लागतो. चार इंची नळातून त्या वेगाने सेकंदाला सुमारे १६० लिटर हवा जाते. सहा इंची नळातून ३६५. नळ दीडपट, हवा सव्वादोनपट. म्हणून यंत्राचे तोंड सहा इंची असेल तर त्यावर चार इंची नळ चढवू नका. पण उलटही खरे बरं का. ब्लोअर लहान आणि नळ मोठा घेतला तर वेग मरतो आणि भुसा वाटेतच बसतो, नदीचे पात्र रुंदावले की गाळ बसतो तसा.

दुसरी गोष्ट, नळाची वाट. आपल्या धुळे जिल्ह्यात पांझरेकाठी फड पद्धतीने शतकानुशतके पाणी फिरते. बंधारा, पाट, पाटाच्या चाऱ्या, आणि पाळीपाळीने पाणी सोडणारा पाटकरी. हवेचेही नेमके तसेच आहे. ब्लोअरपासून एक मोठा पाट काढा, त्याला प्रत्येक यंत्राकडे एकेक चारी. चारी पाटाला काटकोनात मिळवू नका. तिरपी, प्रवाहाच्या दिशेने मिळवा. वळण घ्यायचेच तर पसरट घ्या. सुरळीदार रबरी नळ हवेला फार अडवतो, तो शेवटच्या दोन-तीन फुटांपुरताच वापरा. आणि प्रत्येक चारीवर सरकती झडप बसवा. शेतकरी सगळी दारे एकदम मोकळी सोडत नाही. चालू यंत्राचे दार उघडे, बाकीची बंद. काहींना वाटते की झडपा बंद केल्या तर मोटारीवर ताण येईल. या जातीच्या पंख्यात उलटे होते : हवा कमी वाहिली की मोटारीवरचा भार कमी होतो.

नळ कशाचा घ्यावा? जळगाव हे प्लास्टिकच्या नळांचे गाव; पीव्हीसी नळ आपल्याकडे हाताशी मिळतो आणि पुष्कळ लोक तोच वापरतात. पण कोरडा भुसा प्लास्टिकवर घासत गेला की स्थिर वीज साठते. खानदेशच्या कोरड्या उन्हाळ्यात हाताला झटका बसतो. नळाला उघडी तांब्याची तार गुंडाळून ती जमिनीला जोडली तर त्रास कमी होतो. पत्र्याचा नळ, तोही जमिनीला जोडलेला, हे त्याहून बरे. बारीक लाकडी पूड पेट घेते हे विसरू नका. जिनिंगवाल्यांना ठाऊक आहे, कपाशीबरोबर एखादा खडा किंवा खिळा आत गेला की ठिणगी पडते. लाकडातल्या जुन्या खिळ्याचेही तेच. भुशाची पिशवी रोज संध्याकाळी रिकामी करा आणि तिच्याजवळ बिडी नको.

तिसरी गोष्ट, ओढलेल्या धुळीचे काय करायचे? आपल्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत पीठ पडते तिथे कापडाची बाही बांधलेली असते. हवा कापडातून निसटते, पीठ आत राहते. धूळ गाळणाऱ्या पिशवीचे तत्त्व तेच. फक्त कापड दाट विणीचे आणि पिशवी मोठी हवी, नाहीतर बारीक पूड कापडातून बाहेर येऊन पुन्हा हवेत पसरते. जळगावात डाळमिलच्या छपरावर नरसाळ्यासारखा पत्र्याचा उभा शंकू पुष्कळांनी पाहिला असेल. त्यात हवा कडेने शिरते, गरगर फिरते. जड कण भिंतीवर आपटून खाली पिंपात उतरतात, हलकी हवा मधून वर जाते. असा शंकू पिशवीच्या आधी बसवला तर पिशवी लवकर चोंदत नाही. पिशवी झटकावी, धुऊ नये; पावसाळ्यात ओलसर भुसा तीत राहू देऊ नये.

थंड मुलुखात तापवलेली हवा बाहेर टाकणे परवडत नाही, म्हणून ती गाळून पुन्हा आत घेतात. आपल्याला ती अडचण नाही. शंकूतून व पिशवीतून गेलेली हवा खुशाल बाहेर सोडा. जेवढी हवा बाहेर जाईल तेवढी आत यायला मात्र वाट हवी. मे महिन्यात झळा नकोत म्हणून दारे-खिडक्या लावून घेतल्या तर ब्लोअर गुदमरतो. खिडकीत कूलर असेल तर बाहेरची गार हवा आत येते आणि काम सोपे होते. पण तोंड कुठे काढायचे ते पाहा. शेजारच्या गच्चीवर कुरडया-पापडांचे वाळवण असते. न गाळलेला भुसा त्यावर गेला, तर यंत्राचा नव्हे, शेजारधर्माचा प्रश्न उभा राहील.

एवढे करून तोंडाला काही बांधायचे की नाही? बांधायचे, पण योग्य मास्क. गळ्यातला रुमाल ढलपी अडवतो, पूड अडवत नाही. आणि मास्क म्हणजे शेवटचा अडसर, पहिला नव्हे.

आता खर्चाचा प्रश्न. दोन अश्वशक्तीची मोटार पूर्ण भारावर तासाला दोन युनिटांच्या आतबाहेर वीज घेते. प्रत्यक्ष लाकूड कापण्याचे काम दिवसाला दोन तास धरले, तर चार युनिटे. ब्लोअर, नळ, शंकू यांचा खर्च एकदाच. तो यंत्राच्या किमतीतच धरावा, असे माझे सांगणे आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांत सुतारकाम आहे; अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज पाच टक्के व्याजाने मिळण्याची तीत सोय आहे. असे कर्ज काढून यंत्र घेणाराने दरपत्रकातच विचारावे, ‘याची धूळ कुठे जाणार?’ विकणाऱ्याला उत्तर देता आले नाही तर दुसऱ्या दुकानी जावे. यंत्र घेऊन मग पैसे उरले तर नळ, असा विचार केला की नळ कधीच येत नाही, कारण पैसे कधीच उरत नाहीत.

शेवटी एका माणसाविषयी. दुकानात एक उमेदवार पोरगा असतो. मिस्त्री पात्यापाशी उभे असतात. हा संध्याकाळी झाडू घेऊन साऱ्या दिवसाची पूड पुन्हा हवेत उडवतो. दुकानात सर्वांत कमी पगार त्याला आणि कित्येकदा सर्वांत जास्त धूळही त्याच्याच वाट्याला. तो अठरा-वीस वर्षांचा आहे. त्याला या धंद्यात अजून चाळीस वर्षे काढायची आहेत. त्याच्या हातातला झाडू घ्या आणि ब्लोअरला जोडलेला नळ द्या. शंकूखालचे पिंप त्याने संध्याकाळी ओतावे, चूल पेटवायला भुसा न्यावा आणि खोकल्याशिवाय घरी जावे. नव्या यंत्राचे त्या दिवशीच खरे उद्‌घाटन झाले असे समजावे.