‘श्वास’ ऑस्करला गेला, तेव्हा




आज बोलू या ‘श्वास’बद्दल.
एक आजोबा.
डोळ्याचा कर्करोग झालेला नातू.
शस्त्रक्रियेनं जीव वाचणार, पण दृष्टी जाणार.

संदीप सावंत यांचा हा चित्रपट २००४ मध्ये आला.
त्याला राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालं.
‘श्यामची आई’नंतर मराठीला थेट पन्नास वर्षांनी!

मग भारतानं तो ऑस्करला पाठवला.
पण पाठवणं म्हणजे नामांकन नव्हे.
प्रत्येक देश एकच चित्रपट पाठवतो.
त्यांतून पाच निवडले जातात.

त्यासाठी अमेरिकेत खेळ लावावे लागतात.
जाहिराती कराव्या लागतात.
निर्मात्यांकडे एवढा पैसा नव्हता.
मग महाराष्ट्रातल्या लोकांनी वर्गणी काढली.
आपल्या माणसांनी, आपल्या चित्रपटासाठी!

२००५ च्या जानेवारीत यादी आली.
‘श्वास’ त्यात नव्हता.
पुरस्कार पुढे स्पेनच्या ‘द सी इनसाइड’ला गेला.
तोही मोलाचा चित्रपट.
पण अरुण नलावडे यांनी उभे केलेले आजोबा आठवले,
की ती यादी मला आजही अपुरी वाटते.

पुन्हा सांगते…
पाठवणं वेगळं, नामांकन वेगळं.
‘आपला चित्रपट ऑस्करला’ अशी बातमी कानावर आली,
तर आधी विचारा…
ही निवड भारताची, की नामांकन ऑस्करचं?