पाण्यातला नेम



वसंतातल्या व्याख्यानांना येणाऱ्या श्रोत्यांना वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत नाना विषय ऐकण्याची सवय असते. आज आम्ही उभे आहोत ते एका खेळाविषयी बोलायला, आणि तोही पोरासोरांचा, संगणकाच्या पडद्यावरचा, नेमबाजीचा. विषय वाचून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. त्यांना आमची एवढीच विनंती की, आठी तशीच ठेवावी, पण अर्धा-पाऊण तास बसावे. कारण हा खेळ चंद्रभागेच्या पाण्याविषयी आहे, आणि त्या पाण्याशी आपल्या गावाचा संबंध केवळ खेळाचा नाही.

यात्रेच्या गर्दीत फुगे फोडायची छर्ऱ्याची बंदूक आपण सर्वांनी हाती घेतलेली असेल. तिच्या नळीच्या टोकाची माशी थोडी वाकवलेली असते अशी लहानपणापासून आपली समजूत. नेम चुकला की आपण माशीला दोष देतो. दुसरा एक खेळ पाण्याच्या बादलीचा. तळाशी वाटी ठेवलेली, वरून नाणे सोडायचे, ते वाटीत पडले तर बक्षीस. नाणे पाण्यात शिरले की डुलत डुलत भलतीकडेच जाते आणि बादलीवाला हसतो. सुटीत आमच्याकडे येऊन बसणाऱ्या सात-आठ मुलांपुढे आम्ही या दोन्ही खेळांची आठवण काढली आणि विचारले, "बंदूक आणि बादली एकत्र केली तर?" म्हणजे घाटाच्या पायरीवर उभे राहायचे, हाती धनुष्य घ्यायचे, आणि पाण्यातल्या माशावर नेम धरायचा. मुलांनी तो विचार उचलून धरला. पुढचे दोन महिने त्यातच गेले.

पाणी आणि नेमबाजी यांची सांगड नवी नाही. द्रौपदीच्या स्वयंवरातला मत्स्यवेध आपल्या लोकपरंपरेत सांगतात तो असा की, मासा वर फिरतो आहे आणि अर्जुन खाली पाण्यातले प्रतिबिंब पाहून वर बाण सोडतो. यंत्रांच्या खेळांतही पाणी फार लवकर आले. जपानच्या सेगा कंपनीने १९६६ साली 'पेरिस्कोप' नावाचे यंत्र बाजारात आणले. त्यात पाणबुडीच्या नळीतून पाहायचे आणि पुठ्ठ्याची जहाजे टिपायची. पाणतीर कुठवर गेला ते दिव्यांची रांग दाखवी. १९७६ साली अमेरिकेत 'सी वुल्फ' आला, त्यात हेच पडद्यावर घडू लागले. पण या खेळांतले पाणी नुसते देखाव्याचे होते. ते नेमाच्या आड येत नव्हते. अर्जुनाचे पाणीसुद्धा आरशाचे काम करणारे, म्हणजे परावर्तनाचे. आम्हांला हवे होते ते वक्रीभवनाचे पाणी, ज्याला हल्लीची क्रमिक पुस्तके अपवर्तन म्हणतात.

वक्रीभवन म्हणजे काय ते आपल्या गावच्या भाषेत सांगतो. एखादी दिंडी हातात हात घालून, ओळ धरून, पक्क्या रस्त्यावरून तिरकी वाळवंटात उतरते आहे अशी कल्पना करा. ज्याचा पाय आधी वाळूत पडला त्याची चाल मंदावते. रस्त्यावरचे अजून झपाझप चालतात. परिणाम असा की सारी ओळ वळते. वळायला कोणी सांगितलेले नसते. चालीतल्या फरकाने ती वळते. प्रकाश हवेत सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो, पाण्यात सुमारे सव्वादोन लाख. म्हणून पाण्याच्या पृष्ठावर तोही वळतो. किती वळतो याचा नियम लायडेनच्या स्नेलने १६२१ साली शोधला आणि देकार्तने १६३७ साली छापला. त्याच्याही आधी, ९८४ च्या सुमारास, बगदादच्या इब्न सहलने तो जाणला होता. हवेतल्या कोनाची ज्या भागिले पाण्यातल्या कोनाची ज्या, उत्तर नेहमी सुमारे १.३३. कोन मोजायचे ते पृष्ठावरच्या लंबापासून. एवढ्या एका ओळीवर आमचा सारा खेळ उभा आहे.

पहिल्या खेपेस मात्र आम्ही ती ओळ वापरलीच नाही. पुस्तकात असते की, पाण्याची खोली तिच्या पाऊणपट भासते. आम्ही माशाचे चित्र तेवढे वर उचलून ठेवले आणि झाला खेळ असे समजलो. मुलांनी दोन दिवसांत त्याची ढब ओळखली. मासा दिसतो त्याच्या थोडे खाली मारायचे, की झाले. सर्वांचे गुण पूर्ण, आणि तिसऱ्या दिवशी कोणी खेळेना. तेव्हा आमच्या ध्यानी आले की पाऊणपटीचा हिशेब खरा आहे तो डोळा माशाच्या अगदी वर असेल तेव्हाच. तिरके पाहिले की तो हिशेब कोलमडतो, आणि घाटावर उभा असलेला माणूस बहुतेक वेळा तिरकेच पाहतो.

मग दुसरी मांडणी केली. माशापासून निघालेल्या किरणांचा पाठलाग करण्यात अर्थ नसतो, कारण त्यांतले बहुतेक आपल्या डोळ्यांत येतच नाहीत. म्हणून उलटे निघायचे. डोळ्यातून पडद्याच्या प्रत्येक ठिपक्यातून एकेक रेषा पाण्याकडे सोडायची, पृष्ठावर तिला स्नेलच्या नियमाने वळवायचे, आणि पाण्यात ती कशाला भिडते, माशाला की वाळूला, ते पाहून त्या ठिपक्याला रंग द्यायचा. आमच्या पडद्यावर आडवे १२८० आणि उभे ७२० ठिपके, म्हणजे ९ लाख २१ हजार ६००. चित्र सेकंदाला साठ वेळा बदलते. तेव्हा सेकंदाला साडेपाच कोटी रेषा वळवाव्या लागतात. माणसाला हे जन्मभर पुरेल, पण चित्रे काढण्यासाठीच बनवलेली चिप हे काम हजारो हातांनी एकदम करते. शिवाय पाणी सगळा प्रकाश आत घेत नाही. सरळ खाली पाहिले तर शंभरातले दोनच भाग परततात. लंबाशी ६० अंशांनी पाहिले तर सहा, आणि ७५ अंशांनी पाहिले तर एकवीस. म्हणूनच पायाशी तळ दिसतो आणि दूरवर नुसते आभाळ. हेही खेळात घातले, तेव्हा एक मुलगी म्हणाली, "सर, आता हे आपल्या नदीसारखं दिसतंय."

लाटांचे गणित अवघड असेल अशी भीती होती. ते सोपे निघाले. लाट आली की त्या जागी पृष्ठ कलते, लंब कलतो, आणि नियम तोच राहतो. सरळ खाली पाहताना पृष्ठ ८ अंश कलले तर पाण्यातली रेषा सुमारे २ अंश सरकते. ४ फूट खोलीवरचा मासा त्यामुळे पावणेदोन इंच इकडे किंवा तिकडे उडी मारल्यासारखा दिसतो. वस्तुतः तो जागचा हललेलाही नसतो.

आता बाणाकडे येऊ. प्रकाश पाण्यात वळतो; बाण मात्र आपल्या रोखाने जातो. पाणी त्याचा वेग खाते, पण एवढ्या अंतरात त्याची वाट सरळच धरायला हरकत नाही. लंबाशी ६० अंशांचा रोख धरून दिसणाऱ्या माशावर बाण सोडला, आणि मासा ४ फूट खोल असला, तर बाण त्याच्या दोन फूट वरून निघून जातो. दोन फूट! मुलांचा विश्वास बसेना. खेळात काही तरी चुकले आहे असे त्यांचे म्हणणे. म्हणून आम्ही एक सोय केली. नेम चुकला की खेळ क्षणभर थांबतो आणि बाजूने घेतलेले चित्र दाखवतो. त्यात दोन रेषा असतात, एक पृष्ठावर मोडलेली प्रकाशाची आणि दुसरी सरळ गेलेली बाणाची. आपण कुठे चुकलो हे तिथे डोळ्यांना दिसते. आमच्या मते अख्ख्या खेळात जपून ठेवण्याजोगी गोष्ट हीच. एका मुलाने त्यात आणखी भर घातली. त्याने बाणाच्या जोडीला विजेरी दिली. विजेरीचा झोत माशावर पाडायचा असेल तर नेम कुठे धरावा? मुले शहाणी होऊन खाली धरू लागली, आणि झोत चुकू लागला. विजेरीचा झोत प्रकाशच आहे. ज्या वाटेने मासा डोळ्यांत आला त्याच वाटेने तो उलट जातो. तिथे दिसतो त्यावरच नेम धरायचा. बाणाला खाली, विजेरीला सरळ, एवढे ज्याला कळले त्याला वक्रीभवन कळले असे समजावे.

परंतु खेळ फार अवघड झाला होता. लहान मुले दहा बाण सोडून उठून जात. तेव्हा आम्हीच एक पळवाट सुचवली. १.३३ च्या जागी १.१ घालू, पाणी थोडे कमी वाकवील, आणि कोणाला कळणारही नाही. यावर मघाच्या त्या विजेरीवाल्या मुलाने आम्हांला विचारले, "सर, मग आपल्यात आणि यात्रेतल्या वाकड्या माशीत फरक काय राहिला?"

श्रोतेहो, त्या प्रश्नाला आम्हांपाशी उत्तर नव्हते. वाकडी माशी आज डावीकडे वाकवता येते, उद्या उजवीकडे. तिच्यापासून शिकण्यासारखे काही नसते. पाणी फसवते ते मात्र सर्वांना सारखे, काल तसे आज आणि इथे तसे लायडेनला. म्हणून त्याची फसवणूक शिकून घेता येते. खाडीच्या पाण्यातून वरच्या पानावरचा किडा पाण्याच्या चिळकांडीने पाडणारा एक मासा आहे. तो वक्रीभवनाचा हिशेब चुकता करून नेम धरतो हे १९७७ साली प्रयोगांनी दाखवले गेले. १.१ च्या पाण्यात वाढलेला असता तर तो आपल्या खाडीत उपाशीच मेला असता. आम्ही आकडा बदलला नाही. खेळ सोपा केला तो मासे मोठे करून, त्यांना संथ करून, आणि लहान मुलांना पाण्यावर झुकलेल्या होडीत उभे करून, कारण तिथून नजर जवळजवळ सरळ खाली जाते.

इथवर खेळाची कथा झाली. आता जिच्यासाठी आपला वेळ घेतला ती गोष्ट सांगतो.

एके दिवशी मुलांनी सारे मासे काढून टाकले आणि नुसता सपाट वाळूचा तळ ठेवला, सगळीकडे खोली ४ फूट. डोळा पाण्यापासून ५ फूट उंच. पायाशी पाहिले तर तळ ३ फुटांवर भासतो. पावणेनऊ फूट पुढच्या पाण्यावर नजर टाकली तर २ फुटांवर. आणि एकोणीस फूट पुढे टाकली तर एका फुटाहून थोडासाच अधिक. म्हणजे सपाट तळ सपाट दिसतच नाही. तो पुढे पुढे चढत गेलेला दिसतो. पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला सदा वाटते की आपण उभे आहोत तीच जागा सर्वांत खोल, पुढे उथळच आहे. मग मुलांनी तळात एक खड्डा केला. दुरून तो पसरट, निरुपद्रवी दिसू लागला. हसणे-खिदळणे आपोआप थांबले.

चंद्रभागेच्या पात्रात वाळूउपशाने पडलेल्या खड्ड्यांत भाविक बुडाल्याच्या बातम्या आपण पंढरपूरकरांनी वारंवार वाचल्या आहेत. त्यांचे कारण पाण्याचे वक्रीभवन आहे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. खड्डे माणसांनी केलेले आहेत, आणि त्यांचा जाब माणसांनाच विचारला पाहिजे. पूर असतो किंवा पाणी गढूळ असते तेव्हा तळ दिसतच नाही, आणि न दिसणाऱ्या तळाला माणूस भितोच. धोका आहे तो निवळ पाण्याचा. माघी-चैत्रीच्या सुमारास पाणी ओसरते, वाळू दिसू लागते, आणि पहिल्यांदाच आलेला वारकरी, पुंडलिकाच्या देवळाकडे पाहत, डोळ्यांवर भरवसा टाकून एक पाऊल पुढे घालतो. जो पुढे उथळ आहे असे मानून चालतो, त्याला खड्डा अचानक गाठतो.

आमच्या मुलांत एक होडीवाल्यांच्या घरचा होता. तो म्हणाला, "आमचे आजोबा पाण्याकडे बघून खोली सांगतच नाहीत. ते बांबू टाकतात." आम्ही दोन महिने संगणकाशी झुंजून जे शिकलो ते त्या म्हाताऱ्याच्या हातातल्या बांबूला ठाऊक होते. बांबूही पाण्यात मोडलेला दिसतो, परंतु तळ लागल्याचे हाताला कळते, आणि हाताला वक्रीभवन होत नाही.

मग या खटाटोपाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग एवढाच की, बांबू का टाकायचा हे त्या मुलांना आता कळले आहे, आणि कारण कळलेली गोष्ट माणूस दुसऱ्याला सांगू शकतो. आमची मुले यात्रेत घाटावर आपला खेळ मांडायचे म्हणत आहेत. बक्षीस नाही, तिकीट नाही. पाच बाण आणि शेवटी तो सपाट तळ. आपणांपैकी ज्यांना शक्य असेल त्यांनी त्यांना एखादी टेबल-खुर्ची आणि विजेची सोय मिळवून द्यावी. पाहुणे वारकरी घरी उतरले तर त्यांनाही एवढे सांगावे, की दिसते त्याहून नदी खोल आहे, आणि पुढे तर फारच खोल आहे.