माणसाची जमेची बाजू



हिशेबाच्या वहीत जमा आणि नावे अशा दोन बाजू असतात. मुलाचे प्रगतिपुस्तक हाती पडले की आपण मात्र तांबड्या शाईची बाजू तेवढी वाचतो. मनाच्या उपचारातही फार काळ दोष कुठे आहे, याचीच चौकशी अधिक होत असे.

अमेरिकेत मिल्टन एरिक्सन (१९०१-१९८०) हे मनोविकारतज्ज्ञ होऊन गेले. सतराव्या वर्षी पोलिओने त्यांचे शरीर लुळे पडले. चालायला शिकणाऱ्या धाकट्या बहिणीचे निरीक्षण करीत ते पुन्हा पाऊल टाकायला शिकले. मिलवॉकी शहरातील एका एकाकी, खिन्न बाईंची त्यांनी सांगितलेली हकीकत प्रसिद्ध आहे. घरात अंधार, पण बाईंनी स्वतः वाढवलेली आफ्रिकन व्हायोलेटची रोपे मात्र टवटवीत. एरिक्सन यांनी दुःखाची उजळणी केली नाही. चर्चमधील कोणा कुटुंबात जन्म, लग्न, आजार वा मृत्यू झाला की एक रोप भेट द्या, एवढेच सांगितले. पुढे त्या वारल्या तेव्हा पुष्कळ लोक हळहळले.

त्याच मिलवॉकीत १९७८ साली स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग या पती-पत्नींनी सहकाऱ्यांसह एक उपचारकेंद्र काढले. त्यांचे प्रश्न साधे असत. 'ही अडचण कमी होती, तेव्हा तुम्ही काय करीत होता?' 'शून्य ते दहा यांत आज तुम्ही कुठे?' कोणी 'तीन' म्हटले, तर 'दहा का नाही?' असे न विचारता 'शून्य का नाही? तीनपर्यंत कसे आलात?' असे विचारीत. मग माणसाचे बळ त्याच्याच तोंडून बाहेर येई.

याचा अर्थ दुखण्याकडे डोळेझाक करावी असा नव्हे. मूल सतत उदास असेल, झोप-जेवण तुटले असेल, तर डॉक्टरांकडे न्यावेच; त्यात कमीपणा नाही.

माझ्या वर्गातील एक मुलगा गणितात दोनदा नापास झाला. 'याला कामाला लावा' असे मी त्याच्या वडिलांना सांगणारच होतो. एका संध्याकाळी त्यांच्या भाजीच्या गाडीवर तो पावशेर, अर्धा किलो, पाऊण किलोचे हिशेब तोंडी करताना दिसला. मी मनातून शरमलो. दुसऱ्या दिवसापासून अपूर्णांक त्याच वजनांनी शिकवले. तो पहिला आला नाही. पण पास झाला, आणि शाळेत राहिला.

पालकहो, आज घरी गेल्यावर मुलाला 'काय येत नाही' हे विचारू नका. 'तुला काय जमते, आणि ते कसे जमले?' एवढे विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही आपल्या जमेची बाजू एकदा लिहून काढा. नावे बाजू फेडायची ती त्याच भांडवलावर.